शिकलेलं समाधान

पौलानं फिलिप्पै इथल्या मंडळीला पत्र लिहिलं तेव्हा तो कैदेत होता. ही कैद परंपरेनं रोममधली, इसवी सन ६० नंतरच्या एक-दोन वर्षांतली मानली जाते; काही अभ्यासक इफिसाचं किंवा कैसरियाचं नाव घेतात. तुरुंग कुठलाही असो, रोमन राज्यात कैद्याच्या पोटाची काळजी बहुधा बाहेरच्या आप्तांनीच घ्यायची असे. जेवण, पांघरूण, चार पैसे पोचले तर पोचले. फिलिप्पैच्या मंडळीनं ते पोचवले होते. त्याबद्दल लिहिताना पौल सांगतो, की आहे त्या स्थितीत तृप्त राहायला आपण शिकलो आहोत. उपाशी राहायला शिकलो, तसे भरल्या घरात राहायलाही शिकलो.

मराठी ख्रिस्ती माणूस हा उतारा ऐकतच मोठा होतो. दुष्काळाच्या वर्षी उपासनेत ऐकतो, मयताच्या घरी ऐकतो, मुलाची नोकरी गेली म्हणून भेटायला आलेल्या पाळकांच्या तोंडून ऐकतो. आणि म्हणूनच मला त्याविषयी भांडावंसं वाटतं. कुरकुर करू नका, देवाला ठाऊक आहे, गप्प राहा, असा जो अर्थ आपण त्यातून सहज काढतो तो पौलाच्या आयुष्याशी जुळत नाही. आपल्या मातीतल्या ज्या ख्रिस्ती माणसांना आपण थोर म्हणतो, त्यांच्या आयुष्याशी तर मुळीच जुळत नाही.

पौल काही शांत प्रकृतीचा माणूस नव्हता. तरुणपणी तो ख्रिस्ती लोकांना घराघरांतून ओढून काढत असे. प्रेषित झाल्यावरही बर्णबासारख्या जिवाभावाच्या सोबत्याशी त्याचं इतकं बिनसलं की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि अंत्युखियात त्यानं पेत्राला सगळ्यांदेखत सुनावलं. अशा माणसाला आपल्याकडे कुणी समाधानी म्हटलं नसतं. म्हणजे समाधान हा काही जणांना जन्मतः मिळालेला गुण आहे, ही समजूत इथंच सोडावी लागते. फटके, दगडांचा मार, तीन वेळा फुटलेलं गलबत, थंडी, उपास हे सगळं त्यानं करिंथकरांना लिहिताना मोजून दाखवलं आहे. त्याचं समाधान त्या सगळ्याच्या आतून आलं. जात्यावर बसल्याशिवाय ओवी सुचत नाही, आणि पौल आयुष्यभर जात्यावरून उठला नाही.

हे शिकणं किती लांबतं, ते पंडिता रमाबाईंकडे पाहिलं की कळतं. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि मुलीच्या कानावरही तेच संस्कृत पडत राहिलं. सगळं बालपण तीर्थक्षेत्रं पायी हिंडण्यात आणि पुराण सांगण्यात गेलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि मोठी बहीण थोड्याथोड्या अंतरानं गेली. भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर चालत चालत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या, तिथल्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. दोनच वर्षांत भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं आणि १८८२ मध्ये कॉलऱ्यानं तेही गेले. मांडीवर लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

कथेकऱ्याला इथंच गोष्ट संपवावीशी वाटेल: एवढी दुःखं झाली आणि मग ख्रिस्त भेटला, शांती मिळाली. रमाबाईंनी स्वतः ती तशी सांगितली नाही. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या साक्षीत त्या लिहितात, की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं त्यांच्याकडे ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त मात्र सापडायचा होता. ही आठ वर्षं कोणती, ते पाहण्यासारखं आहे. याच काळात अमेरिकेत त्यांचं नाव झालं, १८८७ चं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचं पुस्तक गाजलं, बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था उभी राहिली, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं आणि पुढं ते पुण्याला आलं. बाहेरून पाहणाऱ्याला ही यशाची वर्षं. आत समाधान नव्हतं. ते आलं साधारण १८९१ च्या सुमारास, आणि लगेच दोन वर्षांत पुण्यातलं उभं केलेलं सगळं हललं. सदनातल्या मुलींना ख्रिस्ती केलं जातं, असा ओरडा झाला, ‘केसरी’नं तो लावून धरला, न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या क्रमानं आपण समाधानाची अपेक्षा करतो, म्हणजे आधी परिस्थिती सुधारेल आणि मग मन निवेल, त्याच्या बरोबर उलटा हा क्रम आहे.

या समाधानानं रमाबाईंना थंड केलं नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीनं सांगाडे झालेल्या शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. स्वतःच्या आईवडिलांची भूक त्या विसरल्या नव्हत्या, म्हणूनच तर गेल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग आला, आणि सरकारच्या प्लेग-व्यवस्थेत बायकांचे जे हाल चालले होते त्याबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिलं. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, देणगीदारांपैकी अनेकांचे त्यांच्याशी लागेबांधे असणार, तरीही लिहिलं. वाँटेजच्या भगिनींना आणि धर्मगुरूंनाही त्यांनी आधीच स्पष्ट कळवलं होतं, की माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हाती देणार नाही. केडगावला त्यांनी उभं केलेलं मुक्ती सदन पुढच्या काही वर्षांत दीड-दोन हजार जिवांचं घर झालं. ज्या बाईला स्वतःसाठी काही मिळवायचं उरलं नव्हतं, तिला गप्प बसवायला कुणाकडे काही साधन नव्हतं.

आता सगळ्यात कठीण आक्षेप. तो बाबासाहेब आंबेडकरांचा आहे आणि त्याला बगल देऊन या विषयावर मराठीत लिहिणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. अस्पृश्यांतून ख्रिस्ती झालेल्या समाजाविषयी लिहिताना त्यांनी विचारलं, की हा माणूस आपल्यावरच्या अन्यायाविरुद्ध उठत का नाही? त्यांचं उत्तर असं, की त्याला शिकवलं गेलं की तुझ्या अधोगतीचं मूळ तुझ्या पापात आहे. भोवतालच्या समाजरचनेकडे त्याचं लक्ष वळवलंच नाही. मग तो आपल्या आत्म्याच्या तारणाची वाट पाहतो आणि पाणवठ्याचा प्रश्न तसाच राहतो.

नगर, जालना, सोलापूर या भागांतली आपली जुनी मंडळी पाहिली तर हा आरोप खोटा म्हणता येत नाही. चर्चमध्येही जातींची बाकं वेगळी राहिल्याच्या आठवणी वडीलधाऱ्यांनी सांगितल्या आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. ज्या घरात ऊसतोडीला जाण्यावाचून पर्याय नाही, त्या घरातल्या बाईला कोयता धुऊन उपासनेला आल्यावर समाधानावरचं प्रवचन ऐकवायचं, तर ऐकवणाऱ्यानं आधी स्वतःला काही विचारलं पाहिजे.

माझं म्हणणं असं आहे: पौलाचं ते वाक्य पूर्णपणे त्याच्या स्वतःबद्दल आहे. मी शिकलो, असं तो सांगतो. कैदेत कोण आहे? तो. भूक कुणाची? त्याची. दुसऱ्याच्या भुकेवर समाधान मानायला त्यानं कधी शिकवलं नाही. यरुशलेमातल्या गरिबांसाठी तो गावोगाव वर्गणी गोळा करत हिंडला, ते काय त्यांनी आपल्या स्थितीत तृप्त राहावं म्हणून? माझ्या ताटात जे कमी आहे त्याबद्दल मी समाधानी राहू शकेन. तुमच्या ताटाबद्दल समाधानी राहायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये ही एक ओळ नीट आखली गेली असती, तर बाबासाहेबांना तो आरोप करायला जागा उरली नसती.

आणि स्वतःवरच्या अन्यायाचं काय? त्याचं उत्तर फिलिप्पै गावातच मिळतं. हे पत्र ज्यांना लिहिलं त्या मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत एक तुरुंगाची रात्र आली होती, सुमारे दहा-बारा वर्षांपूर्वी. प्रेषितांच्या कृत्यांत ती हकीकत आहे. भविष्य सांगून मालकांना पैसे मिळवून देणाऱ्या एका दासीला पौलानं तिच्यातल्या भुतापासून सोडवलं. मालकांची कमाई बुडाली, म्हणून त्यांनी पौल आणि सीला यांना अधिकाऱ्यांपुढे ओढत नेलं. अधिकाऱ्यांनी चौकशी न करता कपडे फाडून छड्यांचा मार दिला, आतल्या कोठडीत पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री हे दोघे प्रार्थना करत होते, गाणी गात होते. इथवरची गोष्ट आपण मुलांना रविवारच्या शाळेत शिकवतो, भूकंपापर्यंत आणि तुरुंगाधिकाऱ्याच्या बाप्तिस्म्यापर्यंत. सकाळची गोष्ट मात्र घाईनं उरकतो. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला, की या माणसांना सोडून द्या. पौल जायला तयार होईना. आम्ही रोमन नागरिक; आम्हाला चौकशीशिवाय चारचौघांत मारलंत, आणि आता गुपचूप बाहेर काढता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं, असं त्यानं कळवलं. अधिकारी घाबरून आले आणि त्यांनी या दोघांची मनधरणी केली.

रात्री गाणारा आणि सकाळी अडून बसणारा माणूस एकच आहे. मला तर वाटतं, रात्री गाऊ शकला म्हणूनच सकाळी अडून बसू शकला. ज्याला सुटकेची घाई झालेली असते तो मिळेल त्या दारानं पळतो, मिळेल त्या अटीवर सही करतो. पौलाला त्या दिवशी सुटकेची घाई नव्हती, आणि मागं राहणाऱ्या नव्या विश्वासणाऱ्यांच्या डोक्यावर कायद्याचं थोडं तरी छत्र राहावं ही काळजी होती, असं अनेक भाष्यकारांना वाटतं. मलाही तेच पटतं. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत बिल्डर आणि गुंड यांच्यासमोर उभे राहिले, तेव्हा एका व्रतस्थ माणसाकडून हिसकावून घेण्यासारखं काय होतं? समाधान शिकलेल्या माणसाला विकत घेणं अवघड, घाबरवणंही अवघड. अन्याय करणाऱ्याला असा माणूस कधीच सोयीचा नसतो.

समाधान म्हणजे गप्प राहणं असा अर्थ लावायचं हे दुखणं एकट्या ख्रिस्ती लोकांचं नाही. तुकोबांचा एक अभंग सगळा महाराष्ट्र सहनशीलतेचा सल्ला म्हणून वापरतो, आणि दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेल्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही परंपरेनं जपलेली गोष्ट मागं पडते. स्वतःचं येणं सोडून देऊन त्यांनी ऋणकोंना मोकळं केलं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो म्हणत, त्यामागं हे नातंही असावं.

टिळकांचं नाव आलं म्हणून घरातल्या एका अन्यायाविषयीही बोललं पाहिजे. रेव्हरंड टिळक निरिच्छ होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दारी आलेल्याला हातातलं देऊन टाकायचं, उद्याची चिंता करायची नाही, १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून ‘देवाचा दरबार’ मांडायचा, हे सगळं खरं होतं. पण या निरिच्छतेचा हिशेब त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या चुलीपाशी चुकता व्हायचा. पीठ संपलेलं, पाहुणे आलेले, पैसे वाटून टाकलेले. त्यांच्या आठवणींचं ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, कारण लक्ष्मीबाईंची लेखणीच तशी. हसू ओसरल्यावर लक्षात येतं, की नवऱ्याच्या समाधानाची किंमत बायको मोजत होती. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा तर तिचा संसारच मोडला. जवळजवळ पाच वर्षं ती वेगळी राहिली आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचारानं, स्वतःच्या वेळी ख्रिस्ती झाली.

या दोघांत समाधान कुणाकडून शिकावं, असं मला कुणी विचारलं तर मी लक्ष्मीबाईंचं नाव घेईन. टिळकांना ते बरंचसं स्वभावातून मिळालं होतं. लक्ष्मीबाईंना भांडून, रडून, सोवळं सोडून, प्लेगच्या दिवसांत रोग्यांजवळ राहून, १९१९ नंतरच्या वैधव्यात पुन्हा सगळं उभं करून ते मिळवावं लागलं. टिळकांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पूर्ण केलं. १९३४ पासून येऊ लागलेल्या आठवणींत कडवटपणा नाही, आणि झालेल्या त्रासावर पांघरूणही घातलेलं नाही. राग आला तिथं राग आला असंच लिहिलं आहे. खोटं समाधान ओळखायची एक खूण मला इथं दिसते: ते त्रासाचं नावच घेऊ देत नाही.

म्हणूनच पौलाला स्थितप्रज्ञाच्या रांगेत बसवताना मी जरा थबकतो. आपल्या वाचकाला तो तसाच वाटणार. सुख आणि दुःख सारखं मानणारा. पौलाच्याच काळात रोममध्ये सेनेका होता, आणि शहाण्या माणसाला बाहेरचं काहीही हलवू शकत नाही, ही त्या स्टोइक परंपरेची शिकवण होती. तिच्यात मोठं धैर्य आहे. पण पौल हललेला दिसतो. याच पत्रात तो अश्रूंचा उल्लेख करतो, एक सोबती मेला असता तर दुःखावर दुःख झालं असतं असं सांगतो, आलेल्या मदतीनं मनापासून खूश होतो. त्याचं बळ त्याचं स्वतःचं नाही, ख्रिस्ताचं आहे, म्हणून त्याला अभेद्य असण्याचं सोंग करावं लागत नाही. ज्या प्रभूवर तो विसंबला तो लाजाराच्या कबरीपाशी रडला होता आणि गेथशेमाने बागेत, हा प्याला टळावा, अशी त्यानं विनवणी केली होती. मयताच्या घरी पहिल्याच दिवशी ‘देवाची इच्छा’ म्हणून रडणाऱ्याला गप्प करणारे आपले लोक हे दोन्ही प्रसंग विसरतात. रमाबाईंची मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. आईची वारस म्हणून जिच्याकडे सगळे पाहत होते ती मुलगी आईच्या आधी गेली. रमाबाईंनी त्यानंतरचे महिने बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामात घालवले. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. त्या महिन्यांत त्यांना रडू आलंच नसेल, असं म्हणणाऱ्याला आईपण कळलं नाही.

राहिला भरल्या घराचा प्रश्न. पौल म्हणतो, विपुलतेत राहणंही मला शिकावं लागलं. हा अर्धा भाग आपण जवळजवळ वाचतच नाही. त्याच्या लगेच पुढचं वचन, ख्रिस्ताच्या सामर्थ्यानं मी सर्व काही करू शकतो या आशयाचं, आपण परीक्षेला, मुलाखतीला, व्हिसाच्या अर्जाला जोडतो. मागची ओळ कापून टाकली की ते विजयाचं वचन होतं. पौलाच्या लेखी त्यातलं ‘सर्व काही’ म्हणजे उपासही आणि मेजवानीही. साक्षीच्या सभेत नवा फ्लॅट, परदेशातली नोकरी, वाढलेला पगार यांच्याबद्दल देवाची उपकारस्तुती होते, आणि ती व्हावीच. पण त्याच सभेत बसलेल्या, ज्याच्या प्रार्थनेला तसं उत्तर मिळालं नाही त्या माणसाला काय ऐकू येतं? देवानं त्याला आवडत्यांतून वगळलं, हेच. आशीर्वादाचं असं माप ठरलं की कैदेतला पौल नापास होतो.

विपुलता कठीण अशासाठी, की ती हव्यासाला काळजीचं रूप देते. मुलांसाठी, म्हातारपणासाठी, अडीअडचणीसाठी. प्रत्येक कारण खरं असतं आणि पुरेसं कधीच होत नाही. गावची मंडळी सोडून पुण्या-मुंबईत, आखातात, अमेरिकेत स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांची आज हीच परीक्षा आहे, आणि आजोबांनी दुष्काळात शिकलेलं समाधान इथं आपोआप कामाला येत नाही. ते नव्यानं शिकावं लागतं, आणि एकट्यानं शिकता येत नाही. पौलाचा हिशेब पाहा. करिंथकरांना तो सांगतो, की मासेदोनियातल्या मंडळ्यांनी कमालीच्या गरिबीत असूनही यरुशलेमसाठी ऐपतीपलीकडे दिलं. फिलिप्पै मासेदोनियातलंच. म्हणजे ज्या मंडळीला पौल हा धडा सांगत होता तिला देण्याची सवय आधीच होती. आपल्या किती शहरी मंडळ्यांच्या वार्षिक हिशेबात गावाकडच्या पाळकाच्या पगाराचं किंवा ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांच्या शाळेचं खातं असतं?

फिलिप्पैकरांची मदत घेऊन एपफ्रदीत नावाचा माणूस आला होता. पौलाची सेवा करायला तो थांबला आणि इतका आजारी पडला की मरता मरता वाचला. ही बातमी गावी पोचली, तिकडचे लोक काळजीत पडले. आपल्यामुळं ते काळजीत आहेत म्हणून हाही बेचैन झाला. कैदेतल्या माणसाला असा सेवेकरी किती हवा असेल, याची कल्पना करता येते. पौलानं त्याला परत पाठवून दिलं, हे पत्र त्याच्याच हाती दिलं असावं, आणि काम अर्धवट टाकून आला असं कुणी म्हणू नये म्हणून की काय, त्यात त्याच्यासाठी शिफारस लिहिली: आनंदानं त्याचं स्वागत करा, अशा माणसांना मान द्या.